देवाखालची वीतभर वायर

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "तुमच्या धंद्यातले गमतीचे किस्से लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." म्हणून आधी एक गमतीचा देऊन टाकतो, म्हणजे शब्द पाळल्यासारखं होईल.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. मोशीत देहू-आळंदी रस्त्याला माझं पत्र्याचं गॅरेज आहे, त्याला तीस वर्षं होऊन गेली. ताथवड्याहून एक आयटीवाले साहेब आले होते. त्यांच्या गाडीचा डावा इंडिकेटर दिला की वायपर फिरायचे. साहेबांनी मोबाइलवर वाचून निदान करूनच आणलं होतं, की गाडीचा कॉम्प्युटर गेला. मी ग्लोव्ह बॉक्स काढला तर मागे उंदरीण बाळंत झालेली. वायरींचं वरचं कव्हर कुरतडून तिनं छान गादी केली होती. साहेबांची लहान मुलगी रडायला लागली, पिल्लांना मारू नका. शेवटी साहेब पाच पिल्लं बुटाच्या खोक्यात घालून सोसायटीत घेऊन गेले. महिन्याभरानं तीच गाडी, तोच फॉल्ट.

झाली गंमत. आता जे लिहायचंय ते लिहितो.

बाहेरच्या माणसाला आमचं काम जादूसारखं वाटतं. जादूबिदू काही नाही. बॅटरीतून वीज निघते, दिव्यात, हॉर्नमध्ये, मीटरच्या काट्यात काम करते आणि बॅटरीत परत येते. एक जायचा रस्ता, एक यायचा. यायच्या रस्त्याला आम्ही अर्थ म्हणतो. जायचा रस्ता तुटला तर दिवा सरळ बंद पडतो, तासाभरात सापडतो. यायचा रस्ता अर्धवट तुटला की भुताटकी सुरू होते. वीज परतायला भलतीकडून वाट शोधते, हा दिवा लावला की तो पेटतो, काटे नाचतात. हेही एक वेळ चालतं. आम्ही खरे घाबरतो ते तिसऱ्या प्रकाराला. बॅटरीकडून आलेली वायर मध्येच कुठेतरी सोलली जाते आणि अर्थच्या वायरला टेकते. मग वायर लाल होते, तिच्यावरचं प्लॅस्टिक पेटतं, आणि डॅशबोर्डच्या मागे हात पोहोचत नाही. नाशिक रस्त्यावरून ओढून आणलेला असा एक टेम्पो मी उमेदवारीत पाहिला होता. त्याचं स्टिअरिंग तळलेल्या पापडासारखं वाकलं होतं. ड्रायव्हर वाचला होता, तरी मी त्या दिवशी जेवलो नाही.

ही झाली एक भीती. दुसरी भीती वायरिंगमधली नाही.

पिंपरीत उस्तादांकडे काम शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. एका गाडीचा मीटर उघडायचा होता. डॅशबोर्डवर देवाची छोटी मूर्ती चिकटवलेली होती, ती मी सोडवली आणि फडक्यावर बॉनेटवर ठेवली. मालक चहा पिऊन आला. मूर्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "आडनाव काय रे तुझं?" मी सांगितलं. कांबळे. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. बाटलीतलं पाणी घेऊन त्यानं आधी मूर्ती धुतली, मग अख्खा डॅशबोर्ड धुतला, माझ्यासमोर. ते पाणी उघड्या मीटरमध्ये गेलं आणि मीटर जळाला. तोही मलाच दुरुस्त करावा लागला, हा त्यातला विनोद. संध्याकाळी उस्ताद म्हणाले, "बेटा, गाडीतलं काहीही खोल. दुसऱ्याच्या देवाला हात लावू नकोस. मी पण लावत नाही." उस्ताद मुसलमान होते. त्यांचा अनुभव त्यांच्यापाशी असणार.

ते वाक्य मी तीस वर्षं पाळलं. डॅशबोर्डवर देव असला की त्याच्या आजूबाजूनं, खालून, आरसा लावून, हात वाकडा करून काम करायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं मिस्त्री फार श्रद्धाळू आहे. माझा हात या वळणाला इतका सरावला की ही भीती आहे हेसुद्धा मी विसरलो होतो.

आता त्या बसकडे येतो. चार-पाच वर्षं झाली असतील.

माझी बायको शोभा तेव्हा चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. आम्ही पिंपरीची खोली सोडून चऱ्होलीत नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. चऱ्होलीहून आळंदीवरून चाकणला कंपनीची बस जायची, कंत्राटदाराची, जुनी, बत्तीस सीटची. सकाळच्या पाळीला तिच्यात सगळ्या बायकाच असत. शोभाला मागे बसलं की मळमळायचं, म्हणून तिची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या बरोबर मागची. ड्रायव्हर महादू, चऱ्होलीतल्याच जुन्या घरातला, चाळिशीचा, सरळ माणूस. बस बिघडायला लागली तेव्हा शोभानंच त्याला माझ्याकडे पाठवलं.

"भाऊ, काटं एकदम झोपत्यात," महादू म्हणाला. "समदं. मग लाल दिवं लागत्यात, मंद मंद. पुन्ना आपोआप उठत्यात. सकाळच्यालाच व्हतं. येताना न्हाई."

"सकाळीच?"

"व्हय. आन् हितं तुमच्याकडं आणली की बगा, कशी शहाण्यावानी उभी ऱ्हाती."

तसंच होतं. दुपारच्या वेळात तो बस आणायचा आणि माझ्यासमोर ती काहीच करायची नाही. मी बॉनेट आपटलं, वायरी हलवल्या, स्वतः आळंदीपर्यंत चालवून आणली. काटे जागच्या जागी. सगळे काटे एकदम पडतात म्हणजे यायचा रस्ता तुटतोय, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कुठे तुटतोय ते कळेना. पहिल्या आठवड्यात मीटर बदलला. दुसऱ्या आठवड्यात चावीचा स्विच बदलला, चॅसीवरचे सगळे अर्थ घासून नवे केले, वायरिंगचा अख्खा गठ्ठा हातभर हातभर करत तपासला. थंडीचे दिवस होते, म्हणून सकाळच्या दवाला दोष दिला.

राहिली होती ती डॅशबोर्डच्या वरच्या पट्टीखालची वीतभर वायरिंग. ती बघायला पट्टी काढावी लागते. पट्टीच्या मधोमध पितळी खंडोबा होता, घोड्यावर बसलेला, चार बोटं उंच, गळ्यात झेंडूची माळ. तो काढल्याशिवाय पट्टी निघत नव्हती.

त्या खंडोबाला खालून स्क्रू असेल आणि तो स्क्रू वायरिंगपर्यंत गेला असेल, हे मला सुचलंच नाही असं लिहिलं तर माझी बाजू सावरेल. पण सुचलं होतं. दुसऱ्या आठवड्यातच सुचलं होतं. आणि त्या गठ्ठ्यातून बॅटरीची जाड लाल वायर जाते, तिला त्या जुन्या गाडीत मध्ये फ्यूज नसतो, हेही मला पाठ होतं.

महादूला एका शब्दात सांगता आलं असतं, देव जरा काढून दे. मी तोंड उघडायचो आणि "चहा घेणार का?" असं विचारायचो. आम्ही त्या गावात नवे. फ्लॅटच्या दारावर आडनावाची पाटी होती, त्यामुळे त्याला सगळं माहीत असणारच. तो रोज हसून बोलायचा. "तुम्ही का न्हाई काढत?" असं त्यानं विचारलं तर? किंवा मी काढला आणि त्याची नजर बदलली तर? त्याच्या पाठीमागेच शोभा रोज बसते. अशी मी स्वतःला हजार कारणं दिली. तिथली वायरिंग कंपनीतून आली तशीच आहे, कुणी हात घातलेला नाही, तिथे काय बिघडणार, हे त्यातलं सगळ्यात आवडतं कारण.

एका संध्याकाळी शोभानं भाकरी थापता थापता विचारलं, "आज कसलासा वास आला बसमध्ये. जळकं नाही, पण तसंच काहीतरी. तुम्ही सगळं बघितलंय ना?"

"सगळं बघितलं," मी म्हणालो. महादूलाही मी हेच सांगून ठेवलं होतं.

त्यानंतर मला झोप लागेना. सकाळी सहाला ती जिना उतरायची आणि मी गॅलरीत उभा राहायचो. बस वळणावर दिसेनाशी झाली की मी हिशेब लावायचो, आता आळंदीचा पूल आला असेल, आता चाकणच्या रस्त्याला लागले असतील. फोन उशाशी नाही, हातात. सात वाजता तिचा "पोचले" असा मेसेज यायचा. एक दिवस तो वीस मिनिटं उशिरा आला, तेवढ्यात मी मोटरसायकल घेऊन अर्ध्या रस्त्यात पोहोचलो होतो. तिला सांगितलं, बँकेत काम होतं. सकाळी सातला कुठली बँक उघडते, असं तिनं विचारलं नाही.

बसमध्ये बसू नकोस, एवढंही मी म्हणू शकलो नाही. म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. आणि बाकीच्या अठ्ठावीस जणींचं काय, त्याही कुणाच्या तरी घरच्याच होत्या.

तिसऱ्या आठवड्यात तीच म्हणाली, "तुम्ही एकदा आमच्याबरोबर चला. गॅरेजात उभी केली तर ती काय बोलणार?"

सोमवारी सकाळी मी पिशवीत पक्कड, पाने, टेस्ट लॅम्प घेऊन बसमध्ये चढलो आणि ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर बसलो. शोभा तिच्या जागेवर. बायका स्वेटर, स्कार्फ गुंडाळून पेंगत होत्या.

बस सुरू करण्याआधी महादूनं जे केलं ते मी तीन आठवड्यांत एकदाही पाहिलं नव्हतं, कारण दुपारी गॅरेजात तो ते करत नसे. त्यानं ओलं फडकं घेतलं, खंडोबा पुसला, अगदी कोपऱ्याकोपऱ्यातून, मूर्ती थोडी इकडे तिकडे फिरवत. कालची माळ काढून नवी घातली. मग तळहात मूर्तीवर टेकवला, डोळे मिटले आणि मनापासून दाब देऊन नमस्कार केला. मूर्ती केसभर पुढे झुकली. मी ते पाहिलं आणि मला सकाळ का, संध्याकाळ का नाही, याचं उत्तर मिळालं. तो रोज सकाळी त्या स्क्रूला एक पीळ देत होता. दिवसभराच्या धक्क्यांनी स्क्रू पुन्हा जागेवर यायचा.

तेव्हाच मी "थांब" म्हणायला हवं होतं. बस सुरू झाली. मी पिशवीतली पक्कड नुसती चाचपत बसलो.

आळंदी ओलांडून बस चाकणच्या रस्त्याला लागली. नुकतंच उजाडायला लागलं होतं. एक गतिरोधक आला, बस उडाली आणि सगळे काटे झोपले. लाल दिवे मंद लागले. "बगा भाऊ, बगा," महादू म्हणाला. मी बघत नव्हतो. मला वास आला होता. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. मग खंडोबाच्या घोड्याच्या पायाखालून धुराची बारीक रेघ निघाली. उदबत्तीच्या धुराएवढी. एका बाईनं तर हातही जोडले.

"गाडी कडेला घे, बंद कर," मी म्हणालो. "सगळ्यांना उतरव."

महादूनं बस कडेला घेऊन चावी फिरवली. धूर थांबला नाही. तो थांबणारच नव्हता, ती लाल वायर चावी विचारत नाही. धूर जाड आणि काळा झाला. मागे कुणीतरी "आग" म्हणालं आणि अठ्ठावीस बायका मागच्या एकाच दारावर आल्या. डबे पडले, कुणाची तरी चप्पल पायरीत अडकली. शोभा सगळ्यात पुढे, दारापासून सगळ्यात लांब, धुराच्या सगळ्यात जवळ. ती सीटवरून उठून उभी होती आणि तिला दाराकडे सरकायला जागाच नव्हती.

मूर्ती माझ्यापासून हातभर होती. ओढली असती तर स्क्रू उपटला असता, तार सुटली असती. माझा हात उठला आणि मध्येच थांबला. किती वेळ थांबला ते सांगता येणार नाही. श्वासभर असेल. पण थांबला. समोर धूर, मागे बायको, आणि हात थांबला.

मग मी ड्रायव्हरच्या बाजूच्या दारातून खाली उडी मारली आणि बॅटरीचं खोकं उघडून पान्यानं वायर काढली. धंद्याच्या नियमानं तेच बरोबर होतं, आधी बॅटरी तोडायची. लोकांनी नंतर माझं कौतुकही केलं, मिस्त्रीनं डोकं शांत ठेवलं. मी नियम आठवून उडी मारली नव्हती, हे मला एकट्याला माहीत आहे.

धूर हळूहळू विरला. सगळ्या उतरल्या. एकीचा गुडघा फुटला होता, दोघी रडत होत्या. शोभा सगळ्यात शेवटी उतरली, खोकत. तिच्या चेहऱ्यावर काजळी होती. मी तिला हात द्यायला गेलो, तर तिनंच माझा हात धरून मला रस्त्याच्या कडेला नेलं.

"महादू, देव काढ," मी म्हणालो.

"तुमीच काढा भाऊ. तुमास्नी कळतं त्यातलं."

मी आत गेलो आणि काढला. तीन आठवडे ज्याच्या बाजूनं हात वाकडा केला, तो खंडोबा मुठीत मावला. गरम होता. खाली अडीच इंची स्क्रू. महादूनं दसऱ्याला स्वतः बसवला होता. आधीचा स्क्रू लहान होता, खड्ड्यात देव हलायचा, म्हणून लांब घातला. स्क्रूनं अर्थची काळी वायर अर्धी तोडली होती, तिथेच काटे झोपत होते. आणि टोकानं शेजारची लाल वायर रोज थोडी थोडी सोलली होती. त्या सकाळी ती पुरती सोलली गेली.

महादू माझ्या हातातल्या स्क्रूकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "माज्याच हातानं मी ह्यांना मारलं असतं." आणि मग, "पर भाऊ, तुमी म्हणला व्हता, समदं बगितलं."

"तुझ्या देवाला हात कसा लावायचा, म्हणून राहिलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं मान खाली घातली. "मला म्हणायचं व्हतं," एवढंच म्हणाला. तो खरंच काढून देणार होता का, आणि त्याच्या मनात काय आलं असतं, हे मला आजही माहीत नाही. कदाचित काहीच आलं नसतं. मी विचारलंच नाही, त्यामुळे ते कधीच कळणार नाही.

शोभा दोन हात अंतरावर उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

वायरी कापून, नव्या जोडून, टेप गुंडाळून बस उभी करायला पाऊण तास लागला. कंपनीला फोन झाले. बायका रस्त्याकडेला डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जळालेली वायर मी पिशवीत टाकत होतो तेव्हा शोभा जवळ आली. आवाज चढवला नाही, तिची ती पद्धतच नाही.

"त्या लोकांची भीती वाटली," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही वाटली?"

"वाटत होती. रोज वाटत होती."

"मग?"

मी जे सापडलं ते सांगितलं, "ती तुझ्या आधीपासूनची होती."

तिनं पदरानं चेहऱ्यावरची काजळी पुसली. महादूनं हॉर्न दिला. मी तिला म्हणालो, तू रिक्षानं जा, आज या बसनं नको. तिनं ऐकलं नाही. चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या त्याच सीटवर जाऊन बसली. मी इंजिनाच्या झाकणावर बसलो. चाकण येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी काट्यांकडे. एकही काटा हलला नाही.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मीही नाही. हे ती छापून आल्यावर वाचेल.

आता गाडी आली की मी आधी देव काढतो. गिऱ्हाइकाला सांगून, स्वच्छ फडक्यात, त्याच्या हातात देतो. बहुतेक लोक काही म्हणत नाहीत. एक जण काहीबाही बोलला आणि गाडी परत घेऊन गेला, जाऊ दे. पण स्क्रूवर पेचकस टेकवला की माझा हात अजूनही क्षणभर थांबतो. मग मला शोभा धुरात उभी दिसते, सरकायला जागा नसलेली, आणि मी स्क्रू फिरवतो.